टाकीचा मान

हिवाळा सरत आला असता, एका सोमवारी सकाळी, बंदराच्या उत्तरेकडील धक्क्याला बांधलेल्या एका प्रवासी बोटीच्या मागल्या डेकवर, बोटीची मालकीण, तिची थोरली मुलगी, दोन्ही जावई आणि स्वयंपाकी यांच्या समक्ष, पिण्याच्या पाण्याची टाकी थोरल्या जावयाकडून काढून धाकट्या जावयाच्या ताब्यात देण्यात आली.

समारंभ असा काही झाला नाही. सासूबाई केबिनच्या पायरीवर बसून चहा घेत होत्या. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "थोरले जावईबापू, यापुढं टाकीचं धाकटे बघतील. तुम्ही इंजिन सांभाळता तेवढं पुष्कळ आहे."

बोलणे एवढेच. थोरल्याने मान डोलावली, "बरं," असे म्हटले, आणि खाली इंजिनाच्या खोलीत जाऊन तो काहीही बिघडलेले नसताना एक नट बराच वेळ आवळत बसला.

या मनुष्याला बोटीवर सगळे मिस्त्री म्हणत. इंजिन त्याच्या पोटापाण्याचे साधन होते. टाकी हा त्याचा मान होता. बोट दूरच्या बेटांवर माणसे आणि माल नेई, आणि जाऊन-येऊन आठवडा लागे. बेटांवरचे पाणी मचूळ. तेव्हा धक्क्यावर भरलेले पाणी परत धक्क्याला लागेपर्यंत पुरवायचे, आणि नुसते पुरवायचे नाही, तर पिण्याजोगे ठेवायचे. अशा बोटीवर इंजिन बंद पडले तर माणसे शिव्या देतात. पाणी बिघडले तर शिव्या देण्याइतकेही त्राण त्यांच्यात उरत नाही. म्हणून टाकी सांभाळणाऱ्याला बोटीवर एक वजन असते. सासरे हयात असताना त्यांनी ही टाकी आपल्या हाताने थोरल्याला दिली होती, आणि मुलगी दिली त्याहून तो प्रसंग त्याच्या अधिक चांगला लक्षात होता. बायकोला हे ठाऊक होते, आणि ती हे अधूनमधून बोलूनही दाखवी.

टाकी गेली कशी, हे सांगितले पाहिजे. ती डेकखाली, फळ्यांच्या आत बसवलेली होती, आणि हंगाम सुरू होण्याआधी माणसाला तिच्यात उतरून ती आतून घासावी लागे. तिचे तोंड गोल आणि अरुंद होते. गेली काही वर्षे त्या तोंडाचा घेर आणि थोरल्याच्या पोटाचा घेर यांच्यात जी स्पर्धा चालली होती, तिचा निकाल त्या आधीच्या आठवड्यात लागला. थोरला डोके आणि हात आत घालून उतरू लागला तो कमरेशी अडकला. पाय वर, बाकीचा मिस्त्री टाकीत. स्वयंपाक्याचा आवाज मुळातच असा की सगळे त्याला भोंगा म्हणत; त्याने आरोळी ठोकून शेजारच्या दोन बोटी गोळा केल्या. कोणीतरी म्हणाले, कमरेला तेल लावा, सुटेल. तेव्हा टाकीच्या पोटातून घुमत आवाज आला, "खबरदार! तेलाचा थेंब टाकीत पडला तर एकेकाला बघून घेईन!"

अखेर बायकोने त्याचे पाय धरले आणि सांगितले, "श्वास सोडा, आणि बोलणं बंद करा. पहिलं जमेल, दुसरं जरा कठीण जाईल." मग ओढून बाहेर काढले. त्याच दुपारी धाकटा, अंगाने सुतळीसारखा, शर्ट काढून टाकीत असा उतरला की जणू तिचे तोंड त्याच्याच मापाने कापले होते.

मत्सर आंधळा असतो असे म्हणण्याची पद्धत आहे. ज्यांनी ही पद्धत पाडली त्यांनी कधी मत्सर केलेला नसावा. आंधळेपणा हा मायेचा गुण आहे. मत्सराला तर फार बारीक दिसते. आजवर थोरल्याने धाकट्याकडे नीट पाहिलेही नव्हते. मेहुणीचा नवरा, जरा बुजरा, कपाळावर केस येणारा, हाक मारली की लगबगीने उठणारा, एवढीच त्याच्याबद्दलची त्याची माहिती. त्या सोमवारपासून मात्र धाकट्याची एकेक हालचाल त्याला कोरल्यासारखी स्पष्ट दिसू लागली. धाकटा पाणी भरण्याआधी हात साबणाने कोपरापर्यंत धुतो, हे त्याने पाहिले. धक्क्यावरचा नळ आधी पुसून, बराच वेळ तसाच वाहू देऊन, मग त्याला पाइप लावतो, हेही पाहिले. पाइप पांढरा, फक्त पिण्याच्या पाण्याचा. दोन्ही तोंडांना बूच. काम संपले की जमिनीला न लावता उंच खुंटीला टांगलेला. टाकीच्या हवेच्या नळीवर त्याने नवी बारीक जाळी बसवली. टाकीत औषधाचे पाणी कालवून ते काही तास तसेच राहू दिले, सगळे उपसून टाकले, पुन्हा भरले, आणि एका छोट्या नळकांडीत पाणी घेऊन त्यात बाटलीतले थेंब टाकले. पाणी फिकट पिवळे झाले. धाकटा ते उजेडात धरून एखाद्या तान्ह्या मुलाकडे पाहावे तसा हसला. बंदरातल्या शिकवणीच्या वर्गाला जाऊन तो हे शिकून आला होता.

"काय बघतोय रे त्यात?" थोरल्याने भोंग्याला विचारले.

"औषध उरलंय का ते बघतायत. पिवळं झालं की पाणी चांगलं."

"पाणी पिवळं झालं की चांगलं! आयुष्यभर आम्ही पाणी पांढरं राहावं म्हणून मेलो."

थोरला काही गबाळा नव्हता, हेही नोंदवणे न्यायाचे होईल. त्याच्या कारकिर्दीत टाकी घासली जाई, पाइप वेगळा ठेवला जाई, पाण्यातून तुरटी फिरे. फक्त त्याची परीक्षा जिभेवर आणि नाकावर चाले. घोट तोंडात घोळवून, डोळे मिटून, तो "गोड आहे" म्हणे, आणि मग बाकीच्यांनी प्यावे. त्या मिटलेल्या डोळ्यांकडे सगळी बोट पाहत उभी राहत असे. आता ती नळकांडीकडे पाही.

धाकट्याच्या पहिल्या फेरीत प्रवाशांनी नाके मुरडली. बेटावर मुलीकडे जाणारे एक निवृत्त मास्तर डेकवर म्हणाले, "पाण्याला दवाखान्याचा वास येतोय." एरवी प्रवास संपेपर्यंत इंजिनाजवळून न हलणारा थोरला नेमका त्याच वेळी वर आलेला होता.

"काय म्हणालात, मास्तर? इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू येत नाही."

"म्हटलं, वास येतोय पाण्याला."

"जरा मोठ्यानं सांगा, कान गेलेत माझे."

मास्तरांनी ते तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा केबिनमधून सासूबाईंनी मान बाहेर काढली, आणि थोरला तृप्त होऊन खाली गेला. पण हे सुख टिकले नाही. पुढच्या फेरीला धाकट्याने औषधाचे माप बेतशीर केले. वास जवळजवळ गेला. परतताना तेच मास्तर गावच्या माणसाला सांगत होते, की आजवर या बोटीने गेलो की दोन दिवस पोट धरून बसायचो, या खेपेस काही झाले नाही. थोरल्याने हेही ऐकले; आणि हे ऐकायला कोणाला मोठ्याने बोलावे लागले नाही.

सगळ्यात जास्त झोंबले ते सासूबाईंचे वागणे. त्या बोलायला कंजूष होत्या. थोरल्याच्या काळात त्यांनी पाणी कधी वाईट म्हटले नव्हते, आणि चांगलेही म्हटले नव्हते. हे मौन म्हणजेच शाबासकी, असा हिशेब त्याने मनाशी मांडून ठेवला होता. आता त्यांनी एकदा पेला खाली ठेवून धाकट्याला म्हटले, "पाणी चांगलं आहे हो." तीन शब्द आणि एक हो. थोरल्याला त्यातला हो सहन झाला नाही. त्या दिवसापासून तो दर फेरीला आठवडाभर पुरतील एवढ्या पाण्याच्या बाटल्या घरून भरून आणू लागला.

"अहो, बोटीवर टाकीभर पाणी असताना घरचं कशाला वाहताय?" बायको म्हणाली.

"मला ते सोसत नाही."

"पाणी सोसत नाही की भरणारा?"

"तू बहिणीची बाजू घेणारच."

"माझी बहीण घरी झोपलीय सुखानं. मी फक्त बाटल्या कोण धुणार ते विचारतेय."

टाकी गेली तरी एक गोष्ट थोरल्याने सोडली नव्हती. स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या नळाला तो फडके बांधी. पांढरे, सुती, दोन पदरी, तोंडाशी सुतळीने घट्ट आवळलेले. त्याच्या आईने घरच्या नळाला तसेच बांधले होते, तिच्या आईनेही बांधले असावे. गंज, रेती, कचरा त्यात अडकतो आणि पाणी गाळून येते. फेरी सुरू होताना धुतलेले फडके बांधायचे आणि धक्क्याला परत लागलो की सोडायचे, हा त्याचा रिवाज. ते बांधताना तो गाठ अशा काळजीने मारी की पाहणाऱ्याला वाटावे, टाकी अजून याचीच आहे.

धाकट्याने एकदा, फक्त एकदा, तो विषय काढला. भोंगा समोर काही चिरत होता.

"दादा, हे फडकं... रोज बदललं तर? नाहीतर काढूनच टाकलं तर? म्हणजे मी आपलं विचारतोय."

थोरला गाठ मारता मारता थांबला. "टाकी घेतलीस. पाइप घेतलास. सासूबाईंचा जीव तर तुझ्यावर आहेच. आता इंजिनही ने. एवढं फडकं तेवढं मागं ठेव, मी मेल्यावर तोंडावर टाकायला उपयोगी पडेल."

"तसं नाही, दादा."

"मग कसं?"

धाकट्याचे कान लाल झाले. "राहू द्या. तुमचंच आहे ते," असे पुटपुटून तो निघून गेला. भोंग्याने चिरणे संपवून हात फडक्याखाली धुतले, सवयीप्रमाणे फडके मुठीत धरून पिळले, आणि म्हणाला, "मिस्त्री, तुमचं बोलणं औषधापेक्षा कडक."

त्यानंतरच्या फेरीत, परतीच्या वाटेवर, प्रवासी आजारी पडले.

सगळे नव्हे, पण नुकते लग्न झालेले एक जोडपे, एक मुलांची आई आणि तिची दोन्ही मुले, आणि माल घेऊन निघालेला एक व्यापारी असे एकामागून एक पोट धरून आडवे झाले. ही बोटीला नवी गोष्ट नव्हती. दर हंगामात, विशेषतः उकाडा वाढू लागला की, काही जण आजारी पडत, आणि त्या दुखण्याला या बोटीवर एकच नाव होते: बोट लागली. उलटी झाली, बोट लागली. जुलाब झाले, तरी बोटच लागली. धक्क्याला उतरल्यावर ताप आला, तर भारीच लागली. थोरल्याच्या सगळ्या कारकिर्दीत कोणी याहून निराळा विचार केला नव्हता, आणि त्याने स्वतः तर मुळीच नाही. आज मात्र तो डेकच्या मधोमध उभा राहून म्हणाला, "ही बोट लागलेली नाही. समुद्राकडे बघा, ताटासारखा सपाट आहे. हे पाण्याचं आहे."

आणि तो बरोबर होता. स्वतःच्या पाण्यावरच्या मायेने जे त्याला कधी दिसू दिले नाही, ते दुसऱ्याच्या पाण्यावरच्या मत्सराने एका दिवसात दाखवले.

धाकट्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो धावत जाऊन नळकांडी घेऊन आला, टाकीतले पाणी काढले, थेंब टाकले. पिवळे झाले. पुन्हा केले. पुन्हा पिवळे झाले. "पाणी चांगलं आहे, दादा," तो म्हणाला. पण त्याच्या आवाजाला त्याचाच भरवसा नव्हता.

"हे त्या पोरांच्या आईला सांग."

त्या पोरांच्या आईजवळ थोरल्याची बायको बसली होती. तिने कोणाला काही न विचारता भोंग्याचे मोठे पातेले चुलीवर चढवले होते, पाणी खळखळ उकळून, निववून, त्यात मीठ-साखर घालून ती एकेकाला चमच्याने पाजत होती. आजाऱ्यांनी आता याशिवाय दुसरे पाणी घ्यायचे नाही, असे तिने सगळ्यांना बजावले होते. तिला या वादात कोणी ओढले नाही आणि ती आपण होऊन पडली नाही. पातेले रिकामे झाले की ती दुसरे चढवी.

भोंगा इंजिनाच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "मिस्त्री, एक सांगू? प्रवाशांच्या पोटात दुखायला लागलं आणि तुमच्या पोटात दुखायचं थांबलं."

थोरल्याने हातातला पाना त्याच्या रोखाने उगारला. पण त्याला हसू आवरत नव्हते, आणि ते भोंग्याने पाहिले.

धक्क्याला लागताच थोरला हातपाय धुऊन, धुतलेला शर्ट घालून निघाला. बायकोने वाट अडवली.

"कुठं?"

"बंदराच्या आरोग्य कचेरीत. पाणी तपासायला बोलावतो त्यांना."

"अहो, बोट अडकवून ठेवतील. पुढच्या फेरीची माणसं सामान बांधून बसलीत."

"आणि ती आजारी पडली तर? लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"लोकांच्या जिवाचा असता तर मीच गेले असते तुमच्याआधी." ती त्याच्याकडे निरखून पाहत राहिली. "खरं सांगा. तुम्हाला पाणी वाईटच निघायला हवंय ना?"

"मला खरं काय ते निघायला हवंय."

"ते निघेलच," ती बाजूला होत म्हणाली. "पण ते तुम्हाला हवं तसलंच निघेल, असं धरून चालू नका."

निरीक्षक बाई दुपारीच आल्या. बुटक्या, घामेजलेल्या, खांद्याला बर्फाची पेटी. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकले, की निकाल येईपर्यंत बोट सुटणार नाही. सासूबाईंनी विचारले, "तुम्हाला बोलावलं कोणी?" बाई उत्तर देण्याआधी थोरला पुढे झाला. "मी." सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिले, काही म्हटले नाही, आणि बाईंना टाकीची वाट दाखवली. हे मौन शाबासकीचे की नाही, याचा हिशेब या वेळी थोरल्याला चटकन मांडता आला नाही.

बाईंनी तीन ठिकाणचे पाणी घेतले. एक टाकीचे झाकण उघडून थेट आतून, एक पंपाजवळच्या तोटीतून, आणि एक स्वयंपाकघरातल्या नळातून. आजाऱ्यांच्या गडबडीत या वेळी नळाचे फडके सोडायचे राहून गेले होते. फडके पाहून त्या थबकल्या, त्याला हात लावू की नको असा विचार केला, आणि म्हणाल्या, "असू दे. लोक जसं पितात तसंच नेते." प्रत्येक बाटलीला चिठ्ठी लावून त्यांनी ती बर्फात ठेवली. पाणी उबेत ठेवले की जंतू असल्यास वाढतात आणि दिसू लागतात, म्हणून निकाल उद्या नाही, परवा, असे त्या म्हणाल्या.

मधला दिवस थोरल्याने फार आनंदात घालवला, आणि तो आनंद त्याला पचला नाही. त्याने टाकी परत मिळाल्यावर काय काय करायचे ते ठरवले. पांढरा पाइप ठेवायचा; तो चांगला होता. जाळीही ठेवायची. थेंबांची बाटली मात्र समुद्रात. धाकट्याला काही बोलायचे नाही. फक्त पहिला घोट घेताना डोळे जरा जास्त वेळ मिटून उभे राहायचे. अशी तो मांडणी करीत असता त्याला धाकटा दिसला. तो टाकीच्या उघड्या तोंडाशी पालथा पडून, आत दिवा सोडून, कानाकोपरा तपासत होता. आपले कुठे चुकले, हे तो शोधत होता. थोरल्याच्या मनात आले, आपण इतक्या वर्षांत असे पालथे पडून आपली चूक कधी शोधली नाही; आणि लगेच त्याला त्याही गोष्टीचा हेवा वाटला. या पोराला चूक शोधायलाही इतके छान जमावे!

निरीक्षक बाई ठरल्याप्रमाणे आल्या तेव्हा सगळे स्वयंपाकघरात जमले. जागा इतकी थोडी की भोंग्याला चुलीला टेकून उभे राहावे लागले.

"टाकीतलं पाणी उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "इतकी स्वच्छ टाकी या धक्क्यावर मी क्वचित पाहिलीय. पंपाजवळचंही उत्तम. नळाचं पाणी पिण्यालायक नाही."

"एकाच टाकीचं पाणी आहे ते," थोरला म्हणाला. त्याला आपला आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

"एकाच टाकीचं. म्हणजे वाटेत बिघडलं. पंपाच्या पुढं नळापर्यंत दुसरं काय आहे?" असे म्हणून बाईंनी हातमोजा चढवला, गाठ सोडली, आणि फडके काढून सगळ्यांसमोर उलटे केले. आतली बाजू बुळबुळीत, पिवळट-करडी झाली होती. भोंग्याने नाक धरले. "आठवडाभर ओलं, चुलीच्या उबेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं मळक्या हातानं पिळलेलं," बाई म्हणाल्या. "जंतूंना याहून चांगलं घर कोणी बांधून देणार नाही. चांगलं पाणी यातून जातं आणि वाईट होऊन पेल्यात पडतं. हे बांधलं कोणी?"

भोंगा छताकडे पाहू लागला. थोरल्याची बायको नवऱ्याकडे पाहत होती.

"मी बांधलं," धाकटा म्हणाला.

थोरल्याला प्रथम ते समजलेच नाही. मग समजले, आणि समजताच त्याच्या डोळ्यांसमोर सगळे एकदम मोकळे पसरले. धाकटा चूक आपल्या माथी घेत होता. थोरल्याने फक्त गप्प राहायचे होते. टाकी आज, आत्ता, या क्षणी परत त्याच्या हातात येत होती, आणि तेही स्वतः काही खोटे न बोलता. भोंगा बोलला नसता. बायको बोलली असती, पण घरी.

त्याने धाकट्याकडे पाहिले. धाकट्याची मान खाली होती, कान लाल झाले होते. आणि सासूबाई त्याच्याकडे ज्या नजरेने पाहत होत्या त्या नजरेत राग नव्हता. त्यांना कळले होते. त्यांना हे कळले होते, की हा खोटे बोलतो आहे आणि कोणासाठी बोलतो आहे. म्हणजे टाकी मिळणार ती थोरल्याला. पण त्या नजरेतले जे काही होते ते मिळणार धाकट्याला. पाणी याचे चांगले, हात याचे स्वच्छ, टाकीत उतरायला अंग याचे, आणि आता मोठेपणाही यानेच घ्यायचा? एवढे एक तरी त्याला मिळू द्यायचे नाही, असे थोरल्याच्या मनाने पक्के ठरवले. त्या क्षणी त्याच्या तोंडून जे निघाले त्याला लोक पुढे प्रामाणिकपणा म्हणाले. ते काय होते ते त्याचे त्याला ठाऊक होते.

"हा खोटं बोलतोय," तो गरजला. "फडकं माझं आहे. मी बांधलं, दर फेरीला मीच बांधतो, टाकी माझ्याकडे होती तेव्हापासून बांधतोय. याला गाठ मारता तरी येते का विचारा! तुझी टाकी तुला लखलाभ, पण माझी चूक तुला मिळणार नाही, समजलास?"

"दादा, मी फक्त..."

"फक्त काय? उपकार करतोस माझ्यावर?"

"अहो, हळू," बायको म्हणाली. "चूकच कबूल करताय ना? मग भांडताय कशाला?"

निरीक्षक बाई गोंधळून एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिल्या. चूक घेण्यावरून भांडण त्यांनी या धक्क्यावर बहुधा पाहिले नव्हते. त्यांनी सांगितले, की नळ गरम पाण्याने आणि औषधाने साफ करावा, त्याला पुन्हा काही बांधू नये, आणि मग बोट सुटायला हरकत नाही. फडके पिशवीत घालून त्या गेल्या.

सासूबाई धाकट्याकडे वळल्या.

"तुम्ही वर्गाला जाऊन शिकून आलात. नळाला असं काही बांधू नये, हे शिकवलं नव्हतं का तिथं?"

धाकटा चाचरला. "शिकवलं होतं."

"मग हे तुम्हाला दिसत होतं."

"दिसत होतं. मी एकदा दादांना म्हटलंही होतं. पण त्यांना वाईट वाटलं. आधीच टाकी गेलेली... दादांचा मान म्हणून मग मी..."

"गप्प बसलात."

"हो."

थोरल्याच्या अंगावरून एक गोड शिरशिरी गेली. पोरालाही बोलणी बसत होती! तो जरासा ताठ झाला, आणि त्याने बायकोकडे पाहिले. पण ती नळाखाली पातेले धरून पाणी भरत होती. ते भरल्यावर तिने चूल पेटवली, पातेले वर ठेवले आणि भोंग्याला कोपराने बाजूला सारले. नळ धुवायला गरम पाणी लागणार होते, आणि ते चढवण्याचे दुसऱ्या कोणाला सुचले नव्हते.

सासूबाईंनी त्या पातेल्याकडे पाहिले. मग दोन्ही जावयांकडे न पाहता म्हणाल्या, "थोरल्यांना कळत नव्हतं, आणि धाकट्यांना कळत असून बोलता आलं नाही. पाण्याच्या बाबतीत दोन्ही सारखंच. आजपासून टाकी थोरली बघेल."